हिरडीतला जंतू हृदयात कसा पोचला?

जपानमधल्या हिरोशिमा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेत काढलेले डाव्या अलिंदाचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याचे, बारीक तुकडे तपासायला घेतले. हृदयाचा ठेका बिघडलेल्या रुग्णांचे ते तुकडे होते. त्यांत एका जंतूची जनुकीय खूण सापडली. या जंतूचं मूळ घर दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत. नाव पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस. ज्यांच्या हिरड्या जास्त खराब, त्यांच्या अलिंदात हा जंतू जास्त, असंही दिसलं. २०२५ साली ‘सर्क्युलेशन’ या हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

तोंडातला एक जीव, जो मोकळ्या हवेत धड जगूही शकत नाही, तो हिरडीतून निघून रक्तात शिरतो, फुप्फुसातून फिरून डाव्या अलिंदाच्या भिंतीत जाऊन बसतो. पायरियाला आपण म्हातारपणाची खूण समजून सोडून देतो आणि छातीतली धडधड म्हणजे अशक्तपणा समजतो. वऱ्हाडात तर या दोन्ही तक्रारी घरोघर. ‘छातीत धडधड होते बाप्पा, जीव घाबरते’ म्हणणारी आजी आणि ‘मसूड्यांतून रगत येते’ म्हणणारा तिचा मुलगा एकाच ओसरीवर बसलेले असतात. या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो हे त्यांना कुणी सांगत नाही.

तो संबंध समजून घ्यायचा तर आधी हृदयातल्या विजेकडं जावं लागतं. उजव्या अलिंदाच्या वरच्या कोपऱ्यात एक-दोन सेंटिमीटर लांबीचा पेशींचा एक पुंजका असतो, सायनस नोड. शरीर विश्रांतीत असताना तो मिनिटाला ६० ते १०० वेळा स्वतःहून वीज सोडतो. त्याला मेंदूचा हुकूम लागत नाही. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो. १९०६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी ‘मोल’ या बिळं करणाऱ्या प्राण्याच्या हृदयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्याचे गुरू आर्थर कीथ बायकोबरोबर सायकलवर फिरायला गेले होते. ते परत आले तेव्हा फ्लॅकनं त्यांना हा पुंजका दाखवला. १९०७ मध्ये दोघांनी तो जगापुढं मांडला. दिवसाला सुमारे एक लाख ठोके जिथून सुटतात ती जागा माणसाला सापडून अजून सव्वाशे वर्षंही झाली नाहीत!

सायनस नोडमधून निघालेली लाट दोन्ही अलिंदांवर पसरते, अलिंद-निलयांच्या सीमेवरच्या एव्ही नोडपाशी क्षणभर थबकते आणि मग खालच्या निलयांत उतरते. ही थबकण फार मोलाची. तेवढ्या वेळात अलिंदं आपलं रक्त निलयांत रिकामं करतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘ए-फिब’ म्हणतात त्या आजारात, ही एक शिस्तीची लाट मोडते. अलिंदात मिनिटाला ३५० ते ६०० असे विजेचे भरकटलेले झटके उठतात, आणि अलिंद आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरत राहतं. एव्ही नोड त्यातले बरेच झटके अडवतो. जे निसटतात ते कसेही, केव्हाही. म्हणून मनगटावर बोट ठेवलं तर ठोक्यांत काही हिशेबच लागत नाही. एक लवकर, एक उशिरा, एक जोरात, एक जाणवतही नाही.

थरथरत्या अलिंदात रक्त साचतं. डाव्या अलिंदाला एक पिशवीसारखा कोपरा असतो, तिथं गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. ए-फिब असलेल्या माणसाला लकव्याचा धोका साधारण पाचपट, असं अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध दीर्घ अभ्यासातून पुढं आलं आहे. छातीत धडधड होणं त्रासाचं असतं, पण खरी भीती या गुठळीची असते. काहींना तर धडधड जाणवतच नाही. आजार आधी लकव्याच्या रूपानंच समोर येतो.

लाट मुळात मोडते कशानं? उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या वावरात दांडातून पाणी सोडून पाहिलेलं असेल तर हे चटकन उमजेल. सपाट, भुसभुशीत वाफ्यात पाणी एका रेषेत पुढं जातं. भेगा आणि ढेकळं असली की कुठं जिरतं, कुठं अडतं, कुठं वळसा घालून मागंच येतं. अलिंदाच्या स्नायूत चिवट तंतूंचे व्रण तयार झाले, म्हणजे फायब्रोसिस झाला, की विजेची लाट तशीच अडते, फुटते आणि गोल फिरू लागते. वय, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, दारू, झडपांचे आजार यांनी हे व्रण वाढतात. हिरोशिमाच्या गटानं या यादीत हिरडी आणून ठेवली. त्यांनी उंदरांच्या दाढेत हा जंतू सोडला. १८ आठवड्यांनी त्या उंदरांच्या अलिंदात व्रण वाढलेले आढळले. विजेचे धक्के देऊन पाहिलं तेव्हा त्यांच्यातल्या ३० टक्के उंदरांत ए-फिब सुरू झालं, जंतू न दिलेल्या उंदरांत ५ टक्के.

आता हिरडीकडं. निरोगी तोंडातही दात आणि हिरडी यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटर खोल फट असते. तिथं किटण साचलं, हिरडी सुजली की ही फट पाच, सहा, सात मिलिमीटर होते. आतलं नाजूक अस्तर झिजून जखम उघडी पडते. सगळ्या दातांभोवतीच्या अशा जखमा एकत्र मांडल्या तर पायरियाच्या रुग्णात त्यांचं क्षेत्रफळ ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं, असा एक अंदाज आहे. एवढी जखम पिंढरीवर असती, तिच्यातून वर्षानुवर्षं रोज रक्त-पू येत असता, तर आपण एक दिवस तरी थांबलो असतो का? तोंडातली आहे, दिसत नाही, फारशी दुखत नाही, म्हणून ती तशीच राहते.

पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिसला अशी जखम हवीच असते. त्याला जगायला लोह लागतं, आणि ते तो रक्तातल्या हिमोग्लोबिनमधून ओरबाडतो. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या थाळीवर वाढवला तर त्याच्या वसाहती काळ्या दिसतात, त्या याच साठवलेल्या लोहयुक्त रंगद्रव्यामुळं. म्हणजे रक्ताळणारी हिरडी ही त्याची भरलेली कणगी. माणसाच्या पेशींच्या आत शिरून लपायचंही त्याला जमतं.

तोंडातले जंतू रक्तात जातात हे मात्र जुनंच ज्ञान. १९३५ मध्ये लंडनच्या ओकेल आणि इलियट या दोघांनी दात काढल्यानंतर लगेच रुग्णांचं रक्त तपासलं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या रक्तात तोंडातले जंतू सापडले. पुढं कळलं की दात काढायचीही गरज नाही. सुजलेल्या हिरड्या असतील तर चावताना, घासतानाही थोडे जंतू रक्तात निसटतात. निरोगी माणसाचं शरीर त्यांना काही मिनिटांत संपवतं. पण दिवसातून अनेकदा, वीस-वीस वर्षं हे चालू राहिलं तर? जंतू स्वतः हृदयापर्यंत पोचले नाहीत तरी हिरडीतल्या धुमसत्या सुजेची रसायनं रक्तात फिरत राहतात, यकृत त्यांना उत्तर म्हणून सीआरपीसारखी प्रथिनं सोडतं, आणि अलिंदाच्या पेशींपर्यंत हा धोक्याचा निरोप पोचतच राहतो.

इथं आयुर्वेदाचार्य वाग्भटाची आठवण येते. ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्येच्या अध्यायात दात घासायच्या काड्यांची यादी आहे: रुई, वड, खैर, करंज, अर्जुन. आणि पुढंच एक बंदी आहे. अपचन, उलटी, दमा, खोकला, ताप, तोंड येणं असे त्रास असलेल्यांनी काडीनं दात घासू नयेत, आणि त्याच यादीत हृदयाच्या रोग्याचंही नाव आहे. त्याला जंतू ठाऊक होते असा अर्थ यातून काढणं अजिबात बरोबर नाही. पण आजारी हृदयाच्या माणसाच्या हिरड्या काडीनं खरवडू नयेत एवढं निरीक्षण कुणा वैद्यानं तेव्हा टिपून ठेवलं, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

माणसांवरचे मोठे अभ्यास काय सांगतात? दक्षिण कोरियात १,६१,२८६ लोकांची सुमारे साडेदहा वर्षं नोंद ठेवली गेली. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा दात घासणाऱ्यांत ए-फिबचं प्रमाण १० टक्क्यांनी कमी दिसलं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात जवळपास सहा हजार लोक १७ वर्षं पाहिले गेले. तीव्र पायरिया असलेल्यांत ए-फिबचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त, आणि नियमित दाताच्या डॉक्टरकडं जाणाऱ्यांत थोडा कमी. २०२४ मध्ये हिरोशिमाच्याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. ए-फिबसाठी हृदयात कॅथेटर घालून बिघडलेली जागा जाळण्याचा उपचार झालेले २८८ रुग्ण त्यांनी पाहिले. हिरड्यांची तीव्र सूज असलेल्यांपैकी ज्यांनी हिरड्यांवर उपचार करून घेतले, त्यांच्यात ठेका पुन्हा बिघडण्याची शक्यता उपचार न केलेल्यांपेक्षा ६१ टक्क्यांनी कमी होती.

हे आकडे वाचून हुरळून जाऊ नये. जो माणूस तीनदा दात घासतो तो बहुधा तंबाखू कमी खातो, चालायला जातो, रक्तदाबाची गोळी चुकवत नाही, त्याच्या खिशात दोन पैसेही जास्त असतात. त्याच्या हृदयाचं भलं ब्रशनं झालं की बाकीच्या गोष्टींनी? संशोधक हे घटक हिशेबातून वजा करायचा प्रयत्न करतात, पण पुरते वजा होत नाहीत. हिरोशिमाच्या रुग्णांतही कुणी उपचार घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. म्हणून आज प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं: हिरडीचा आजार आणि ए-फिब एकत्र आढळतात, जंतूची वाट अलिंदापर्यंत पोचलेली दिसली आहे, उंदरात त्याचा परिणाम दिसला आहे. माणसात हिरडी बरी केल्यानं ए-फिब टळतं हे सिद्ध व्हायचं आहे. मला स्वतःला हा धागा खरा वाटतो, आणि तो खोटा ठरला तरी हिरडी बरी करण्यात कुणाचं काही जाणार नाही.

आपल्याकडं या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो आहे पानठेल्यावरचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भात शाळकरी पोरांच्याही खिशात सापडतो. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूर न निघणारी तंबाखू वापरत होते. गालात जिथं ती धरून ठेवतात तिथली हिरडी दातावरून मागं सरकते, मुळं उघडी पडतात. बायका मिश्रीनं दात घासतात तेव्हा तेच तंबाखूचं काम सगळ्या जबड्यावर होतं.

सुपारीचं काम मात्र वेगळं आणि जास्त चकित करणारं आहे. ती गालाच्या आतल्या अस्तराखाली चिवट तंतू तयार करते. गाल ताठ होतात, तिखट सोसत नाही, तोंड हळूहळू बंद होत जातं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. सहज गेली तर बरं. दोनच जात असतील तर दाखवायला जा, कारण या आजारातून पुढं कर्करोग होऊ शकतो. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या भारतीय बायकांमध्ये हा आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव दिलं. तेच आज जगभर चालतं.

फायब्रोसिस! हाच शब्द अलिंदाच्या व्रणांसाठीही येतो, आणि साम्य शब्दापाशी संपत नाही. गालात तंतू विणायचा हुकूम देणाऱ्या रेणूंमध्ये टीजीएफ-बीटा नावाचा एक रेणू अग्रभागी असतो. अलिंदात तंतू विणले जातात तेव्हाही हाच रेणू पुढं असतो. शरीराकडं जखम बुजवायची हत्यारं मोजकी. गाल असो की हृदय, सतत छळ झालेल्या जागेला ते एकाच पद्धतीनं लिंपत राहतं. यावरून खर्ऱ्यानं अलिंदात व्रण होतात असं कुणी समजू नये, तसं सिद्ध नाही. पण जो तरुण रोज चार-पाच पुड्या खर्रा खातो त्याचा गाल, त्याची हिरडी आणि त्याचं हृदय या तिन्हींवर काय चाललं आहे याचा एकत्र विचार आपल्या भागात व्हायलाच हवा.

भारतातल्या ए-फिबचं चित्रही युरोप-अमेरिकेपेक्षा निराळं आहे. भारतीय हृदयताल संघटनेच्या नोंदणीत २०११-१२ मध्ये देशभरातून १,५३७ रुग्ण आले. त्यांचं सरासरी वय ५५ च्या आसपास होतं. पाश्चात्त्य देशांत हे वय सत्तरीकडं झुकतं. आणि जवळपास निम्म्यांना संधिवाताच्या तापानं, म्हणजे बालपणी घसा सुजून पुढं हृदयाच्या झडपा खराब करणाऱ्या आजारानं गाठलेलं होतं. म्हणून इथल्या ए-फिबचं मोठं कारण हिरडी नव्हे, लहानपणीचा न सांभाळलेला घसा हे आहे. पण अशा रुग्णांतल्या अनेकांच्या झडपांना, विशेषतः कृत्रिम झडपांना, तोंडातल्या जंतूंचा दुसराच धोका असतो. जंतू झडपेवर जाऊन बसला तर जिवावर बेततं. म्हणून कृत्रिम झडप असलेल्यांना दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोस देतात.

दात आणि हृदय यांच्यात रक्ताखेरीज नसांचीही वाट आहे. दातांच्या कळा नेणारी पाचवी मेंदूनस आणि हृदयाला आवर घालणारी दहावी व्हेगस नस यांची मेंदूच्या बुडाशी गाठ पडते. म्हणून वरची दाढ काढताना कधी कधी ठोके एकदम मंदावतात आणि रुग्णाला घेरी येते. उलट, रात्रभर ठणकणारी दाढ अंगात अॅड्रिनॅलिनचा पूर आणते आणि आधीच नाजूक असलेला ठेका बिघडवू शकते. उलट दिशेनंही फसगत होते. हृदयाला रक्त कमी पडलं की कळ कधी खालच्या जबड्यात उमटते. चढ चढताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, तर ते दुखणं दाताचं नसण्याची शक्यता मोठी. अशा वेळी आधी ईसीजी काढून घ्यावा.

‘दुखते तं काढूनच टाका ना डॉक्टर, कायले ठेवता?’ हे वाक्य आपल्याकडच्या दातांच्या डॉक्टरांना पाठ झालेलं असेल. हा उपाय जगानं मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १९१० मध्ये लंडनचे विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या भाषणात तोंडातल्या घाणीला अनेक आजारांचं मूळ ठरवलं. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी तो विचार पुढं नेला. मग दोन-तीन दशकं संधिवातापासून वेडेपणापर्यंत कशासाठीही धडधाकट दात उपटले गेले. रुग्ण बोळके झाले, आजार तिथंच राहिले. तो अतिरेक आठवणीत ठेवून सांगतो, हृदयासाठी दात काढायचे नसतात. हिरडी साफ करून दात वाचवायचे असतात.

आता औषधांचं, कारण इथं चूक झाली तर ती लगेच भोवते. ए-फिबच्या अनेक रुग्णांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असते. झडपेचा आजार असलेल्यांत ती बहुधा असिट्रोम किंवा वॉरफरिन. दाढ सुजली की आपण मेडिकलमधून स्वतःच मेट्रोनिडाझोल आणि दुखणं मारणारी डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेतो. मेट्रोनिडाझोलमुळं असिट्रोम-वॉरफरिनचा जोर खूप वाढतो, डायक्लोफेनॅकनं पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिन्ही एकत्र म्हणजे संकटच. दुसरी चूक उलटी: दात काढायचा म्हणून गोळी स्वतःच बंद करणं. त्यानं गुठळी धरू शकते. साध्या दात काढण्यासाठी बहुतेकदा गोळी बंद करावी लागत नाही. रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी करून, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, टाका घालून काम होतं. सुन्न करण्याच्या इंजेक्शनमध्ये बहुधा अॅड्रिनॅलिन असतं, तेव्हा ठेक्याचा आजार असल्याचं आधी सांगावं. डॉक्टर मात्रा बेतानं देतात. आणि रक्तदाबाची अॅम्लोडिपिन गोळी घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. हृदयाचं औषध हिरडीवर उमटतं, ते असं. गोळी न सोडता डॉक्टरांना दाखवलं की ती बदलता येते.

मनगटावर, अंगठ्याच्या बुडाशी, दोन बोटं ठेवून एक मिनिट नाडी मोजणं कुणालाही जमतं. ठोके बेहिशेबी वाटले तर अमरावतीत इर्विनला, अकोल्यात सर्वोपचारला ईसीजी काढून घ्या. ब्रशवर रक्त दिसत असेल तर ब्रश थांबवू नका, हिरड्या साफ करून घ्या.

आणि एक विनंती संस्थांना. अमरावतीत तपोवन-वडाळी रस्त्यावर विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं दंत महाविद्यालय आहे, डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अकोल्यात २००२ पासून शासकीय महाविद्यालय आहे. खर्रा खाणारी तोंडं इथं, झडपांचे आणि ठेक्याचे रुग्ण इथं. हिरडीच्या फटीची खोली मोजायची मिलिमीटरच्या खुणांची सळई आणि ईसीजीचं यंत्र एवढ्यावर या कामाची सुरुवात होऊ शकते. हिरोशिमानं विचारलेला प्रश्न वऱ्हाडातल्या माणसांसाठी वऱ्हाडातच तपासला जावा. दंतवैद्य आणि हृदयवैद्य यांनी एकत्र बसून हे काम हाती घ्यावं.